पर्वत, चिनी उद्यानकलेतील (ब्रिटन)

चिनी संस्कृतीत पर्वत हे स्थैर्य, दीर्घायुष्य आणि पृथ्वी-आकाशाच्या मीलनाचे प्रतीक होय. पाच पवित्र पर्वतांपैकी ताइशानवर सम्राट यज्ञविधी करीत. पर्वत व पाणी ही चिनी बागेची मुख्य अंगे. शहरी बागांत तळ्याची माती आणि पाण्याने झिजलेले, छिद्रयुक्त चुनखडक रचून कृत्रिम डोंगर उभारतात; बीजिंगच्या जिंगशान उद्यानातील टेकडी राजवाड्याच्या खंदकातील मातीची आहे.

कँटन पाहून आलेल्या विल्यम चेंबर्स यांनी १७५७ च्या ग्रंथातून या उद्यानकलेचा परिचय इंग्रज वाचकांना करून दिला. स्टॅफर्डशरमधील बिडल्फ ग्रेंज या बागेत जेम्स बेटमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘चीन’ हा विभाग रचला. तेथील खडककाम चित्रकार एडवर्ड कुक यांचे. अंधाऱ्या खडकाळ वाटेतून बाहेर पडताच तळे, पूल आणि रंगीत मंडप एकदम नजरेस पडतात.

एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानातील ‘चिनी टेकडी’ हे भर शहरातील ठळक उदाहरण. उतारावरून झरा तळ्यात उतरतो, काठी मंडप आहे. वनस्पतिसंग्राहक जॉर्ज फॉरेस्ट यांनी १९०४–३२ या काळात चीनमधील युन्नानमधून असंख्य ऱ्होडोडेंड्रॉन व प्रिम्युला गोळा केल्या. त्यांतील अनेक येथे आल्याने या उद्यानाचे चिनी पर्वतांशी नाते दृढ झाले. मूळ अधिवासात धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या जतनासाठी असे संग्रह मोलाचे ठरतात.