जंतू आले कोठून?

जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज अशी जीवसृष्टीची चतुर्विध विभागणी आपल्या प्राचीन ग्रंथांत आढळते. त्यांपैकी स्वेदज म्हणजे घामापासून आपोआप उपजणारे उवांसारखे जीव. युरोपातही ॲरिस्टॉटलपासून अशीच समजूत रूढ होती.

1668 साली इटलीतील फ्रांचेस्को रेडी याने मांसाच्या भांड्यावर तलम कापड बांधून माशांना अटकाव केला. मांसात अळ्या पडल्या नाहीत. तथापि सूक्ष्म जंतूंविषयीचा वाद मिटला नाही. उकळलेला रस हवाबंद ठेवल्यास नासत नाही हे खरे. परंतु हवा कोंडल्यामुळेच जीव उपजत नाहीत, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. लुई पाश्चरने चंबूची मान तापवून हंसाच्या मानेप्रमाणे वाकविली आणि आतील रस उकळला. हवा मोकळेपणी आत येई; धूळ मात्र वळणातच अडके. रस महिनोन् महिने स्वच्छ राहिला. चंबू कलता करून तो वळणातील धुळीला लावताच गढूळ झाला. 1862 साली फ्रेंच अकादमीने पाश्चरला पारितोषिक दिले.

हेच तत्त्व पुढे हिंदुस्थानात एका मनुष्याच्या अब्रूचा आधार ठरले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मलकोवाल येथे 107 जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच कुपीतील लस दिलेली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

जंतू आपोआप उपजत नाहीत; मग ते कुपीत शिरले कोठे? बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे साक्षीत निघाले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय कुपी उघडताना दुर्गंधी आली नव्हती; जंतू आत आधीपासून वाढले असते, तर ती आल्यावाचून राहती ना.

1907 साली रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हे मुद्दे मांडले आणि त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. 1925 साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. मलकोवालचे एकोणीस जीव मात्र एका चिमट्याच्या हयगयीने गेले.