स्कूबा प्रशिक्षण व साधनसामग्री

स्कूबा उपकरण घेऊन पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण देणाऱ्या केंद्रांनी विद्यार्थ्याने कोणती साधने स्वतः विकत घ्यावीत, कोणती केंद्राची वापरावीत आणि विकत घ्यावयाची ती कोठून घ्यावीत यांविषयी घालून दिलेल्या नियमांचा व रूढ प्रथांचा हा इतिहास आहे. ‘स्कूबा’ हा शब्द ‘सेल्फ-कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग ॲपरेटस’ या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांपासून बनला असून त्याचे जनकत्व अमेरिकन वैद्य क्रिस्टियन लॅम्बर्टसन यांच्याकडे जाते. प्रमाणपत्रासाठी येणारा विद्यार्थी हा एकाच वेळी शिष्य आणि गिऱ्हाईक असतो, ही या विषयाची मुख्य अडचण होय. ज्याच्या सांगण्यावर आपला जीव अवलंबून आहे तोच साधनांचा विक्रेताही असेल, तर त्याचा सल्ला कोठे संपतो आणि विक्री कोठे सुरू होते, हे नवख्यास कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२–४३ मध्ये, फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ सिद्ध केले. पाणबुड्याने श्वास आत घेतला म्हणजेच भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा पुरविणारा रेग्युलेटर, म्हणजे श्वासनियामक, हे त्याचे मर्म होते. युद्धानंतर हे उपकरण बाजारात आले व १९४८ च्या सुमारास लॉस अँजेल्समधील रने बुसोझ या क्रीडासाहित्याच्या व्यापाऱ्याने ते अमेरिकेत विकण्यास प्रारंभ केला. त्याच्याच व्यवसायातून पुढे ‘यू. एस. डायव्हर्स’ ही कंपनी उभी राहिली. तेव्हा साधन प्रथम आले आणि शिक्षण मागाहून. पैसे मोजणाऱ्या कोणालाही संच मिळे, व वर येताना श्वास कोंडू नये एवढी सूचना पुरेशी मानली जाई.

ती पुरेशी नव्हती. १० मी. खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. तेथे भरून घेतलेला श्वास न सोडता माणूस वर आला, तर फुप्फुसांतील हवा दुप्पट होऊ पाहते, ऊतक फाटते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. जलतरण तलावाच्या खोलीतही हा अपघात घडू शकतो. पोहण्यात तरबेज असलेल्या माणसाला ही गोष्ट उपजत ठाऊक नसते. उलट पाण्यात श्वास रोखून धरण्याची त्याची सवयच येथे घातक ठरते.

शिक्षणाची पहिली व्यवस्था दुकानांनी केली नाही. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत कॉनराड लिंबॉ यांनी संशोधकांसाठी पाठ्यक्रम आखला. त्याच्या आधारे १९५४ मध्ये लॉस अँजेल्स काउंटीच्या उद्यान व मनोरंजन विभागाने सामान्य नागरिकांसाठी प्रशिक्षण सुरू केले. ब्रिटनमध्ये १९५३ साली स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब’ने वेगळा मार्ग धरला. तेथे जुने सभासद नव्यांना विनावेतन शिकवीत व शाखेच्या मालकीची साधने सर्वांच्या उपयोगी पडत. शिकविणाऱ्यास विक्रीशी कर्तव्य नसल्यामुळे साधने कोणाकडून घ्यावी हा प्रश्न तेथे फारसा तीव्र झाला नाही. आजही क्लबपद्धती जेथे रुजली आहे, तेथे ही तक्रार क्वचितच ऐकू येते.

अमेरिकेत मात्र प्रशिक्षण व व्यापार झपाट्याने जवळ आले. १९६० मध्ये ‘नावी’ ही प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना निघाली. १९६६ मध्ये शिकागो परिसरात जॉन क्रोनिन व राल्फ एरिक्सन यांनी ‘पाडी’ ही संघटना स्थापिली. एरिक्सन हे पोहण्याचे शिक्षक, तर क्रोनिन हे यू. एस. डायव्हर्सचे विक्रेता-प्रतिनिधी होते. ही जोडी योगायोगाची म्हटली, तरी पुढील घडण पाहता ती अर्थपूर्ण ठरते. १९७० मध्ये निघालेल्या ‘एस. एस. आय.’ने तर प्रशिक्षक हा एखाद्या दुकानाशी वा केंद्राशी संलग्न असलाच पाहिजे, असे तत्त्व स्वीकारले. याचा लाभही झाला. दुकानापाशी हवा भरण्याचा संपीडक होता, दुरुस्तीचा माणूस होता, आणि प्रमाणपत्र नसलेल्यास टाकी भरून न देण्याची जी शिस्त या व्यवसायाने सरकारी कायद्याविना स्वतःवर लादून घेतली, ती दुकानांमुळेच पाळली गेली.

याच काळात अभ्यासक्रमाचे शुल्क कमी ठेवून त्याची भरपाई साधनांच्या विक्रीतून करावयाची, असा हिशेब अनेक दुकानांनी बांधला. त्यातून एक सर्वसाधारण रीत ठरली. मास्क, स्नॉर्केल, फिन व पायमोजे ही ‘वैयक्तिक’ साधने विद्यार्थ्याने विकत घ्यावयाची, तर टाकी, रेग्युलेटर, उत्प्लावकता सांभाळणारे जाकीट व शिशाची वजने केंद्राने पुरवावयाची. काही दुकाने एवढ्यावर थांबली नाहीत. वैयक्तिक साधने आपल्याकडूनच घ्यावीत असा आग्रह त्यांनी धरला, आणि बाहेरून आणलेला मास्क वापरण्यास नकार दिला किंवा त्यासाठी जादा आकार लावला. टपालाने माल विकणारे व्यापारी आणि १९९५ नंतर इंटरनेटवरील विक्री यांमुळे दुकानाचा नफा घटू लागला, तसा हा आग्रह अधिक कडक झाला.

वरील विभागणीस व्यापाराखेरीज खरा आधारही आहे, हे नमूद केले पाहिजे. मास्क चेहऱ्यावर नेमका बसावा लागतो. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढला असता तो चिकटून राहिला, तर तो त्या चेहऱ्यास योग्य समजावा. न बसणाऱ्या मास्कमध्ये पाणी झिरपते, नवखा घाबरतो आणि घाबरलेला माणूस वर धाव घेतो. वर सांगितलेला फुप्फुसांचा अपघात नेमका अशाच वेळी घडतो. चष्मा लावणाऱ्यास त्याच्या क्रमांकाची भिंगे बसविलेला मास्क लागतो व तो भाड्याच्या साठ्यात सहसा नसतो. म्हणून पहिली खरेदी करावयाचीच, तर ती मास्कची करावी. मात्र चांगला बसणारा मास्क कोणत्या दुकानातून आला, याचा सुरक्षिततेशी काही संबंध नाही. बाहेरचा मास्क तपासून नाकारणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य होय. न तपासता नाकारणे ही निव्वळ दुकानदारी होय. रेग्युलेटरची गोष्ट निराळी आहे. तो महाग असतो, त्यास नियमित देखभाल लागते, आणि चार बुड्यांनंतर समुद्राचे तोंडही न पाहणाऱ्याच्या घरी तो पडून खराब होतो. शिक्षण पुरे होण्यापूर्वी तो घेण्याचा सल्ला शंकास्पद मानावा.

१९५९ पासून कार्यरत असलेल्या ‘सी. एम. ए. एस.’ या जागतिक महासंघाच्या व पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या नियमांत पाणबुड्याने काय शिकावे व कोणती साधने वापरावीत हे येते. ती कोणाच्या मालकीची असावीत हा प्रश्न केंद्र व विद्यार्थी यांच्यातील कराराचा राहतो. म्हणूनच प्रवेशापूर्वी लेखी तपशील मागून घेणे इष्ट असते.

भारतात ही प्रथा वेगळ्या अंगाने वाढली. प्रारंभी हे ज्ञान नौदल व संशोधनसंस्था यांच्यापुरते होते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी शि. रं. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात जे अन्वेषण केले, त्यातील साधने साहजिकच संस्थेची होती. १९९१ पूर्वीच्या आयातनिर्बंधांमुळे खाजगी व्यक्तीस असा संच मिळविणे दुष्करच होते. पुढे लक्षद्वीप, अंदमान, गोवा येथे व महाराष्ट्रात मालवणच्या परिसरात पर्यटकांसाठी केंद्रे निघाली. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले होते. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा व जलक्रीडा प्रशिक्षणाची संस्था उभारली. आपल्याकडील बहुतेक विद्यार्थी दूरवरून, थोड्या दिवसांच्या सुटीत येतात. त्यामुळे साधनांचा वापर शुल्कातच धरण्याची रीत येथे सर्वसाधारण झाली व सक्तीच्या खरेदीचा अमेरिकन आग्रह फारसा मूळ धरू शकला नाही. मालवणात पर्यटकास मार्गदर्शकाचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली नेतात, ते प्रशिक्षण नव्हे व त्याने प्रमाणपत्र मिळत नाही, हा भेद येथे ध्यानात ठेवावा.

टाकी विकत घेण्याचा प्रश्न तर भारतात जवळजवळ उद्भवत नाही. उच्च दाबाच्या हवेची टाकी गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांच्या कक्षेत येते. तिची मान्यता, आयात, भरणे व ठरावीक मुदतीची दाबचाचणी यांवर पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे नियंत्रण असून या संघटनेचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे.

नागपूरला लागूनच असलेल्या भंडारा जिल्ह्याचा समुद्राशी संबंध नाही. पाण्याशी मात्र पुरातन आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, वैनगंगा आणि पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचा विस्तीर्ण जलाशय यांवर ढिवर समाज उपजीविका करीत आला आहे. ढिवराचा मुलगा बापाच्या डोंग्यात बसून बापाच्याच जाळ्याने शिकतो. शिक्षण व साधन यांची किंमत वेगवेगळी आकारण्याची कल्पना त्या परंपरेत नाही. येथील जलाशय स्कूबाच्या प्रशिक्षणास मात्र फारसे सोयीचे नाहीत. पावसाळ्यात व त्यानंतर पाणी गढूळ असते आणि तळाशी बुडालेली झाडे असतात. उंचीची अडचण येत नाही, कारण जिल्ह्यातील हे पाणी समुद्रसपाटीपासून ३०० मी.हून कमी उंचीवर आहे व त्याहून अधिक उंचीवरच बुडीच्या कोष्टकांत विशेष दुरुस्ती करावी लागते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा सु. अडीच टक्के हलके असल्यामुळे कमरेची वजने कमी लागतात. समुद्रासाठी बेतलेली वजने तशीच बांधून गोड्या पाण्यात उतरणारा नवखा अकारण खोल जातो.

त्यामुळे भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यास समुद्र गाठण्यासाठी लांबचा प्रवास करावा लागतो, आणि साधनांचे ओझे त्याला दोन्ही अर्थांनी जड होते. पाडीच्या प्राथमिक प्रमाणपत्रासाठी सैद्धांतिक भाग, बंदिस्त पाण्यातील सराव व खुल्या पाण्यातील चार बुड्या आवश्यक असतात. त्याची खोलीची मर्यादा १८ मी. आहे. पहिले दोन भाग एका केंद्रात पुरे करून बुड्या दुसरीकडे घेण्याची सोय असून त्यासाठी बारा महिन्यांची मुदत मिळते. अशा विद्यार्थ्याच्या पिशवीत स्वतःचा मास्क, स्नॉर्केल व सरावाची नोंदवही एवढे असले म्हणजे भागते. बाकीचे सर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचे असते, व ते बुडीपूर्वी त्याने सहकाऱ्याबरोबर स्वतः तपासावयाचे असते.