फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान आणि वैद्यकीय प्रतिमा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
दि. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्झबर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाच्या छातीचा अंतर्भाग शस्त्राविना पाहणे शक्य झाले. विसाव्या शतकात धूम्रपानाबरोबर फुफ्फुसाचा कर्करोग वाढत गेला, तेव्हा तो लवकर दिसल्यास रुग्ण वाचेल, अशी धारणा दृढ झाली. ही धारणा कशी पारखली गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

क्ष-किरणांची मर्यादा :
अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७१ मध्ये एक मोठा अभ्यास हाती घेतला. धूम्रपान करणाऱ्या ९,२११ पुरुषांचे दोन गट करून एका गटाची सहा वर्षे दर चार महिन्यांनी छातीचे क्ष-किरण छायाचित्र व थुंकी यांद्वारे तपासणी करण्यात आली. त्या गटात कर्करोग अधिक सापडले व निदानानंतरचे आयुष्यही अधिक दिसले. मात्र मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. निदानाची तारीख अलीकडे आली, मृत्यूची तारीख मात्र हलली नाही. शिवाय जिवाला अपाय न करणाऱ्या मंदगती गाठीही मोजल्या गेल्या असाव्यात.

सी. टी. स्कॅनचा टप्पा :
याच सुमारास गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. स्कॅनने १९७१ मध्ये लंडनमध्ये रुग्णाच्या मेंदूची पहिली प्रतिमा घेतली. पुढे हे तंत्र छातीसाठीही वापरात आले. अल्प किरणमात्रेच्या सी. टी. स्कॅनची कसोटी अमेरिकेत २००२ पासून ५३,४५४ व्यक्तींवर घेण्यात आली. क्ष-किरण छायाचित्राच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये सिद्ध झाले. तथापि, या स्कॅनमध्ये संशयास्पद ठरलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के व्यक्तींना कर्करोग नव्हता.

भारतीय संदर्भ :
भारतात क्षयरोगाचा प्रादुर्भाव मोठा असल्याने हा प्रश्न अधिक बिकट होतो. क्षयाचे जुने व्रण आणि कर्करोगाची गाठ प्रतिमेत सारखी भासू शकते. त्यामुळे केवळ छायाचित्रावरून क्षयाचे उपचार सुरू होऊन कर्करोगाच्या निदानास विलंब होतो. उलट, निरुपद्रवी व्रणासाठी रुग्णाला सुईने तुकडा काढण्याच्या तपासणीस सामोरे जावे लागते.

निष्कर्ष :
प्रतिमा केवळ सावली दाखवते. तिचा अर्थ ऊतींच्या तपासणीतून ठरतो आणि तिची उपयुक्तता मृत्यूंच्या मोजणीतून. म्हणून पाश्चात्त्य निष्कर्ष भारतात जसेच्या तसे न स्वीकारता, येथील रोगस्थितीत ते पारखून घेणे अगत्याचे ठरते.