मधली पिढी

भिवंडी तालुक्यांत तानसा नदीच्या कांठीं अकलोलीचीं उष्णोदकाचीं कुंडें आहेत. तेथें आजोबा, मुलगा आणि नातू एकाच पाण्यांत उतरतात. परंतु तिघांच्या पिढ्या संख्येनें सारख्या नाहींत.

तेव्हांच्या अखंड ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या १९८१ सालीं ३३ लक्षांवर होती; २०११ सालीं ती १ कोटी १० लक्षांवर गेली. कांहीं माणसें येथल्याच पाळण्यांत वाढलीं, कांहीं पोटासाठीं परगांवाहून आलीं. १९८१ ते १९९६ या काळांत जन्मलेली मधली पिढी या भरतींतच मोठी झाली. १९८९ सालीं मतदानाचें वय २१ वरून १८ वर आलें होतें; त्यामुळें तिच्या संख्येला तीन वर्षें आधींच वजन मिळालें.

परंतु हें बळ कायमचें नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील जननदर दर स्त्रीमागें १.७ आढळला, पिढीची जागा भरून निघण्यास सुमारें २.१ लागतो. म्हणजे या मोठ्या पिढीच्या वार्धक्यांत आधार देणारे हात थोडे असतील. तेव्हां मताचें वजन आहे तोंवरच तिनें निवृत्तिवेतनाची व शुश्रूषेची तजवीज करून घ्यावी. आज कुंडाच्या निसरड्या पायरीवर ती आजोबांना हात देते. उद्यां तिलाही तो लागणार आहे.