आजींचे हात का बांधलेत?

तुमचं माणूस कधी आयसीयूमध्ये असेल, तर हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. रात्री आजी गोंधळल्या, नाकातली नळी ओढली, सलाईन उपसून टाकलं. सकाळी तुम्ही भेटायला जाता, तर दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेली. तुम्ही घाबरून विचारता, "सिस्टर, बांधलं का हो?" उत्तर येतं, "बांधलं नाही, रिस्ट्रेंट लावलाय."

गोष्ट तीच, शब्द वेगळा. म्हणून आज या शब्दाबद्दल थोडं.

लॅटिनमध्ये 'स्ट्रिंगेरे' म्हणजे आवळणे. त्यातून 'स्ट्रिक्ट' आला, लघवीच्या वाटेचा 'स्ट्रिक्चर' आला, आणि तुम्ही रोज ज्याची तक्रार करता तो 'स्ट्रेस'सुद्धा त्याच कुळातला. मराठीत आपण स्वतःला आवरतो आणि दुसऱ्याला बांधतो. इंग्रजीत दोन्हीला रिस्ट्रेंट चालतो. मोटारीतल्या बाळाच्या सीटलाही तोच शब्द आहे. त्यामुळे केसपेपरवर तो फार सभ्य दिसतो. निवासी डॉक्टर असताना मीही तो कितीदा लिहिला, आणि रात्रभर तसं पडून राहणाऱ्याला काय वाटत असेल याचा विचार फारसा केला नाही.

हा शब्द वैद्यकात गाजला तो मनोरुग्णालयांमुळे. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात १८१४ मध्ये पाहणी करायला गेलेल्यांना जेम्स नॉरिस नावाचा रुग्ण सापडला. कित्येक वर्षं तो लोखंडी कड्यांनी खांबाला जखडलेला होता. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात त्याआधीच, १७९७ मध्ये, साखळ्या काढल्या गेल्या होत्या. श्रेय डॉ. पिनेल यांना मिळतं, पण प्रत्यक्ष काम केलं पुसाँ या व्यवस्थापकाने. हा पुसाँ डॉक्टर नव्हता; गंडमाळांवर उपचार घ्यायला तिथे आलेला जुना रुग्ण होता! मात्र साखळ्यांच्या जागी तिथे 'स्ट्रेटजॅकेट' आलं. यातला स्ट्रेट म्हणजे सरळ नव्हे, अरुंद. 'पाल्क स्ट्रेट' या सामुद्रधुनीच्या नावात आहे तोच. लांब बाह्यांचा जाड अंगरखा घालायचा आणि बाह्या पाठीमागे बांधायच्या. त्या काळी हा सौम्य उपाय मानला जाई.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती इंग्लंडमधल्या लिंकन गावची हकिगत. १८२९ मध्ये तिथल्या मनोरुग्णालयात एक रुग्ण मरण पावला. त्याला रात्री असा अंगरखा घालून पलंगाला बांधलं होतं आणि जवळ कोणी नव्हतं. त्यानंतर नियम झाला की रात्री कुणाला बांधलं, तर त्याच्यासोबत एका सेवकाने रात्रभर थांबायचं. बांधणं बंद करा, असं कोणी म्हटलेलं नव्हतं! पण बांधलं तरी जागावंच लागणार म्हटल्यावर बांधण्याची गरज हळूहळू कमी भासू लागली. १८३० मध्ये ९२ पैकी ५४ रुग्णांना कधी ना कधी बांधलं होतं, एकूण सुमारे २७ हजार तास. १८३७ मध्ये १३० पैकी फक्त दोघांना, एकूण २८ तास. या काळात तिथे रॉबर्ट गार्डिनर हिल हे तरुण डॉक्टर होते आणि त्यांनी ही पद्धत पूर्ण बंद केली. ते पाहून जॉन कोनोली यांनी १८३९ मध्ये हॅनवेलच्या सुमारे आठशे रुग्णांच्या संस्थेत तेच केलं. नाव कोनोलींचंच मोठं झालं, याचं हिल यांना पुढे फार वाईट वाटलं.

आपल्याकडे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला एका खासगी आश्रमात आग लागली. साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला पूर्ण बंदी घातली. इतर प्रकारे बांधायचं तर ते तातडीचा धोका टाळण्यासाठी, दुसरा मार्ग नसेल तेव्हाच आणि शक्य तितका कमी वेळ. शिक्षा म्हणून नाही, आणि केवळ माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. लिंकनची आठवण होते ना?

हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे, पण आजींच्या पलंगाशी उभं राहून तेच प्रश्न तुम्ही विचारू शकता. कधीकधी बांधावं लागतं, हे मी नाकारत नाही. व्हेंटिलेटरची नळी उपसली गेली तर जीव जाऊ शकतो. पण आजी वेड्या झालेल्या नाहीत. याला डेलिरियम म्हणतात, आणि त्याचं कारण बहुधा शरीरात सापडतं: जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, वेदना, झोपेचं औषध. बांधल्याने हा गोंधळ वाढूही शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारा: कारण शोधलं का? ही नळी अजून हवीच आहे का? पट्टी कधी सोडणार? मनगटाखालची त्वचा, बोटांचा रंग कोण पाहतंय?

आणि घरी विसरलेला आजींचा चष्मा आणि कानाचं यंत्र घेऊन या. परवानगी मिळाली तर रात्री घरच्या एकाने हात हातात धरून शेजारी बसावं.