किल्लारीची मुलं आणि पंचनाम्यात न बसलेली पडझड

किल्लारीच्या भूकंपाचा हिशेब सरकारदरबारी नीट मांडलेला आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं बसली, आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद, माळवदावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी हीच रचना झोपलेल्यांच्या अंगावर आली. पुढे ही 52 गावं नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेचं कर्ज आलं, कुणाला किती जागेचं घर याच्या याद्या लागल्या. हे काम मोठं होतं, ते मी कमी लेखत नाही. पण मी पेशानं शिक्षक आहे, त्यामुळे मला प्रश्न पडतो तो त्या पहाटे ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या मुलांचा. भिंतीला गेलेला तडा इंजिनिअर मोजून जातो. मुलाला गेलेला तडा तेव्हा मोजायला होतं कोण?

खरोखर फारसं कुणी नव्हतं. त्या काळी महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्याची सेवा पोहोचवण्याचा केंद्राचा कार्यक्रमसुद्धा 1996 साली सुरू झाला, म्हणजे किल्लारीनंतर तीन वर्षांनी. आणि मनोरुग्णालय हा शब्द खेड्यात कसा ऐकला जातो, हे मी सांगायला नको. ‘वेड्यांचं हॉस्पिटल.’ रात्री दचकून उठणाऱ्या सात वर्षांच्या पोराला तिथे कोण नेणार? मूल असं दचकायला लागलं की आमच्याकडे मौलवीसाहेबांकडून दम केलेलं पाणी आणतात, तांड्यात भगताकडे नेतात. या उपायांना हसणाऱ्यांपैकी मी नाही. निदान त्या घरानं ओळखलेलं असतं की मुलाला काहीतरी झालंय.

तरीही किल्लारीनंतर एक नवी गोष्ट घडली. डॉ. मोहन आगाशे, ज्यांना बहुतेक लोक ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस म्हणून ओळखतात, ते मुळात मानसोपचारतज्ज्ञ. 1991 साली पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. भूकंपानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीनं त्यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्तांच्या मानसिक गरजांचा आणि त्यांच्यापर्यंत सेवा कशी न्यायची याचा अभ्यास झाला. वाचलेल्या प्रौढांची तपासणी दुसऱ्या एका छोट्या गटानंही केली. तिचा अहवाल 1996 साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात आला आणि तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांमध्ये मानसिक आजाराची लक्षणं आढळल्याचं त्यात होतं.

हा आकडा मोठ्यांचा आहे, मग मुलांच्या लेखात कशाला, असं वाचकाला वाटेल. त्याचं उत्तर लंडनमध्ये सापडतं. 1939 च्या सप्टेंबरमध्ये बॉम्बच्या भीतीनं ब्रिटननं अवघ्या काही दिवसांत सुमारे 15 लाख लोकांना शहरांतून खेड्यांत हलवलं. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुलं होती, बरीचशी आईबापांशिवाय. त्या युद्धाच्या काळात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी पाळणाघरं चालवली आणि रोजच्या नोंदी ठेवल्या. त्यांना दिसलं ते तेव्हाच्या समजुतीच्या उलट होतं. आई जवळ असेल आणि ती शांत असेल, तर बॉम्बहल्ल्यातूनही लहान मूल बऱ्यापैकी सावरत होतं. सुरक्षित गावात पण आईपासून तुटून राहिलेलं मूल जास्त कोमेजत होतं. मग त्यांनी पाळणाघरातल्या मुलांचे छोटे छोटे गट पाडले, प्रत्येक गटाला एक ठरलेली बाई दिली, जणू एकेक कुटुंबच.

म्हणजे मूल भीती मोजतं ते मोठ्यांच्या चेहऱ्यावरून. ज्या गावात निम्मे मोठे स्वतःच आतून मोडलेले आहेत, तिथे मुलानं कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं?

किल्लारीनंतर या प्रश्नाला महाराष्ट्रानं दोन तऱ्हांनी उत्तर दिलं. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली 1200 मुलं पुण्याला आणली. त्यांचं राहणं, जेवण, शिक्षण अशी सगळी जबाबदारी घेतली आणि वाघोलीचा शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. दुसरी वाट पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांची. त्यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ काढलं, तिथल्याच मातीत, तिथल्याच बोलीत. एक वाट मुलाला ढिगाऱ्यापासून दूर नेणारी, दुसरी त्याच्या जवळच राहणारी. लंडनचा धडा सरळ लावला तर दुसरी बरी म्हणावी लागेल. पण मला ते इतकं सोपं वाटत नाही. हॅम्पस्टेडच्या पुष्कळ मुलांची आई कुठेतरी होती, भेटायला येऊ शकत होती. किल्लारीत ज्याचं सगळं घरच गेलं, त्याला ‘गावातच राहा’ म्हणण्यात किती अर्थ होता? 1200 मुलं एकत्र गेली, हे मला तिथे महत्त्वाचं वाटतं. शेजारच्या बाकावरच्या मुलानंही तीच पहाट पाहिलेली होती, त्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. शिवाय सकाळची घंटा, ठरलेल्या वेळेचं जेवण, गृहपाठ, परीक्षा. सगळं एका रात्रीत कोसळू शकतं हे शिकलेल्या मुलाला, काही गोष्टी रोज त्याच वेळी होतात हे शाळाच पुन्हा शिकवू शकते.

भाषा शिकवतो म्हणून एक विषयांतर. उर्दूत ‘यतीम’ म्हणजे ज्याचा बाप गेला ते मूल. हा शब्द नातं मोजतो. मराठी ‘अनाथ’ सांभाळणारा कुणी नाही एवढं सांगतो. आणि ‘पोरका’ आहे तो फक्त मनाचा शब्द. भरल्या घरातही मूल पोरकं असू शकतं. सरकारी फॉर्मवर मात्र ‘अनाथ’ एवढाच रकाना असतो.

फक्त दिनक्रमावर भागतं का? नाही. 1976 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावची 26 मुलं असलेली शाळेची बस पळवून मुलांना जमिनीखाली पुरलेल्या एका गाडीत कोंडलं होतं. ड्रायव्हर आणि मोठी मुलं यांनी वाट काढली, सगळे जिवंत परतले. गावाला वाटलं, सुटलो. लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ बाई त्या मुलांना भेटत राहिल्या. चार वर्षांनीही प्रत्येक मुलात त्या दिवसाच्या खुणा होत्या. मुलं तेच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा खेळत, पण त्या खेळात मजा नसे. काहींना वाटे, आपण फार जगणारच नाही. अशी मुलं वर्गात गोंधळ घालतातच असं नाही. पुष्कळदा ती शहाणी, गप्प असतात आणि आम्ही मास्तर लोक त्यांना ‘गुणी’ म्हणतो.

2001 चा भुज आणि 2004 ची त्सुनामी यांच्यानंतर बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं शिक्षक आणि अंगणवाडी ताईंना हेच शिकवायला सुरुवात केली: मुलाला बोलतं करायला दामटू नका, चित्र काढू द्या, खेळू द्या, आणि मृत्यूबद्दल खोटं सांगू नका. ‘बाबा पुण्याला गेलेत’ असं सांगितलेलं मूल दर एसटीकडे बघत राहतं. आमच्या बीएडच्या मानसशास्त्राच्या पेपरात थॉर्नडाइकची मांजर होती, पावलोवचा कुत्रा होता, पियाजेच्या अवस्था तोंडपाठ होत्या. दफन करून किंवा अग्नी देऊन तिसऱ्या दिवशी वर्गात येऊन बसलेल्या मुलाशी काय बोलावं, यावर एक ओळ नव्हती.

हे मी पोहरादेवीत बसून लिहितोय. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे ही बंजारा समाजाची काशी. रामनवमीला इथे पाय ठेवायला जागा नसते. किल्लारीसारखा भूकंप इथे झाला नाही. पण शेतकरी आत्महत्यांच्या नोंदीत पश्चिम विदर्भाचे जे जिल्हे कायम येतात त्यांत वाशिम आहे. तो धक्का एका पहाटे येत नाही, वर्षानुवर्षं घराघरानं येतो, म्हणून त्याला कुणी आपत्ती म्हणत नाही. 2015 साली राज्यानं शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तो खचलेल्या शेतकऱ्यासाठी. शेतकरी गेल्यावर त्याच्या चौथीतल्या मुलीसाठी काय? तिच्यासाठी शाळेत आम्हीच असतो. 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा फुकट नंबर आहे. शिक्षकानंही तो लावायला हरकत नाही. ‘या मुलाशी कसं वागू’ एवढंच विचारायला.

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीतली काही मुलं निवासी आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. घरांच्या, मदतीच्या, पालकत्वाच्या घोषणा लगेच झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी आश्रमशाळेत त्या मुलांना ही बातमी कुणी सांगितली, कोणत्या शब्दांत, आणि त्या रात्री त्यांच्याजवळ कोण झोपलं, याचा रकाना पंचनाम्याच्या कागदावर नसतो.