कुलकर्णी, धोंडूताई
(२३ जुलै १९२७ – १ जून २०१४). जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका व गुरू. जन्म कोल्हापूरचा, आणि गाण्याच्या दृष्टीने हे मोठेच भाग्य. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेबांना दरबारगायक नेमले आणि हे घराणे कोल्हापुरात रुजले. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर खाँसाहेब मुंबईला गेले. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ मात्र कोल्हापुरातच राहिले.

धोंडूताईंच्या वडिलांना गाण्याचे वेड. ब्राह्मण घरातल्या मुलीने उस्तादांसमोर तालमीला बसणे हा त्या काळी गावभर चर्चेचा विषय, पण ते ठाम राहिले. सुरुवातीला नत्थनखाँ, मग १९४० पासून भुर्जीखाँ. १९५० मध्ये भुर्जीखाँ निवर्तले, तरी शिकणे थांबले नाही. लक्ष्मीबाई जाधव आणि भुर्जीखाँचे पुत्र अझीझुद्दीनखाँ यांच्याकडून त्यांनी पुढची तालीम घेतली.

या घराण्याची गायकी पेलायला दमसास लागतो. मध्यविलंबित तीनतालात बंदिश मांडायची आणि मोकळ्या आकारात, लयीला धरून, आलाप-ताना गुंफत समेवर यायचे. त्यात अनवट आणि जोडरागांचा भरणा. बसंती केदारच घ्या : वसंत आणि केदार दोन्ही ओळखू यावेत, पण सांधा दिसू नये. असे राग पुस्तकातून उचलता येत नाहीत. ते गुरूसमोर बसूनच गळ्यावर चढतात.

साठच्या दशकात मुंबईत याच घराण्याच्या गायिका केसरबाई केरकरांनी धोंडूताईंना शिकवायला घेतले. केसरबाई विद्या देण्याच्या बाबतीत कमालीच्या कडक. ध्वनिमुद्रणालाही त्या सहजी तयार होत नसत. त्यांची शिष्या म्हणून नाव घेतले जाते ते एकट्या धोंडूताईंचे. त्या तालमीला बसल्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या, भुर्जीखाँची दहा वर्षांची तालीम गाठीशी होती. तरीही पुन्हा विद्यार्थिनी होण्याची ही तयारीच त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

त्या अविवाहित राहिल्या. मैफली केल्या, पण व्यासपीठ गाजवणाऱ्यांत त्यांची गणना कधी झाली नाही, आणि घराण्याबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत त्यांचे गाणे हवे तितके पोहोचले नाही, ही खंत आहेच. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मुंबईत केनेडी ब्रिजजवळच्या त्यांच्या खोलीवर लेखिका नमिता देवीदयाल लहानपणी शिकायला जात. गुरू-शिष्येच्या या सहवासावर त्यांनी लिहिलेले ‘द म्युझिक रूम’ हे इंग्रजी पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. भुर्जीखाँ, केसरबाई आणि जुन्या कोल्हापुरातले गाणे त्यात धोंडूताईंच्या आठवणींतून आले आहे.